अडीच सेंटिमीटर फेस

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला काही महिने शाळेत शिकवायला पाठवलं. माझ्या वाट्याला सातवीचा वर्ग आला. शाळा उस्मानपुऱ्यातल्या आत्याच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. मी पाचोडकडची, शिकायला म्हणून आत्याकडं राहत होते. रसायनशास्त्र घेऊन चांगल्या गुणांनी बीएस्सी झालेली होते, त्यामुळं सातवीचं विज्ञान म्हणजे काय मोठं, असं मनात होतंच. पहिल्या पाठाच्या आदल्या दिवशी मी आत्याच्या दिवाणावर तक्ता पसरून बसले. झाडाचं पान, पानातली छिद्रं, सूर्य, बाण, सगळं रंगवलं. आत्या दोनदा चहा घेऊन आली आणि दोन्ही वेळा म्हणाली, "बाई बाई, पोरं नुसती बघतच राहतील."

पोरं खरंच नुसती बघत राहिली. पस्तीस मिनिटं मी एकटी बोलले. एकदाही अडखळले नाही. घंटा झाली तेव्हा माझा शेवटचा मुद्दाही बरोबर संपला होता, आणि मला वाटलं, जमलं.

मागच्या बाकावर शाळेतल्या विज्ञानाच्या जुन्या शिक्षिका बसल्या होत्या. माझ्यावर लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडं होतं. पोरं त्यांना मोठ्या मॅडम म्हणायची आणि चारच दिवसांत मला छोट्या मॅडम म्हणायला लागली होती. मोठ्या मॅडमचे केस पूर्ण पांढरे, आवाज हळू, आणि खांद्याला कायम एक कापडी पिशवी. त्या पिशवीत दोरा, ड्रॉपर, भिंग, रबरबँड, औषधाच्या बाटल्यांची झाकणं असलं सगळं सामान असायचं.

वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी मला एक कागद दाखवला. त्यावर उभ्या रेघा मारलेल्या होत्या.

"हे काय मॅडम?"

"तू अठरा प्रश्न विचारलेस. त्यांतल्या सोळांची उत्तरं तूच दिलीस."

"पण मॅडम, कुणी हात वरच करत नव्हतं."

"तू करू देत नव्हतीस. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजत जा." मग कागदाची घडी घालत त्यांनी विचारलं, "बरं, तू इतकं सगळं केलंस. पोरांनी काय केलं?"

मी म्हणाले, "ऐकलं." आणि माझंच मला ते कमी वाटलं.

पुढचे दोन दिवस त्यांनी मला शिकवू दिलं नाही. मागं बसून बघायला लावलं. त्यांनी पोरांना मैदानातून प्रत्येकी पाच पानं आणायला सांगितली आणि भिंगं वाटली. सांगितलं एवढंच, की पानाच्या दोन्ही बाजू बघा आणि फरक दिसला तर वहीत लिहा. मग त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. वर्गात असा काही कालवा झाला की मला वाटलं आता मुख्याध्यापक येतील. पण नीट कान देऊन ऐकलं तर पोरं पानांबद्दलच बोलत होती. कुणी म्हणालं खालची बाजू फिकी आहे. कुणी म्हणालं माझं नाय फिकं, माझं दोन्हीकडून सारखंच हाय. मग ते पान सगळ्या वर्गात फिरलं. माझ्या तक्त्यावर दोन्ही बाजू एकाच हिरव्या रंगाच्या होत्या.

नंतर मी शिकवायला लागले तेव्हा दहापर्यंत मोजण्याचा प्रयत्न केला. चारपर्यंत जायची आणि तोंड उघडायची. हळूहळू सहा, सात. एकदा नवाला तोंड उघडणार तेवढ्यात एका पोराने हात वर केला, आणि मला इतका आनंद झाला की त्याने चुकीचं उत्तर दिलं तरी मी "वा" म्हणाले. मागून मोठ्या मॅडम हसल्याचं ऐकू आलं.

पाण्याची गोष्ट सुरू झाली ती हात धुण्यावरून. मातीचे नमुने हाताळून झाल्यावर पोरं नळावर हात धुवायला गेली होती. तिसऱ्या बाकावर बसणारी एक मुलगी हात चोळत म्हणाली, "मॅडम, इथं साबणाला कित्ती फेस येतो. आमच्या घरी येतच नाय."

ती एरवी फारसं बोलत नसे. तिचे वडील रिक्षा चालवायचे, आई चार घरी स्वयंपाक करायची. शहराच्या कडेला नव्या वस्तीत त्यांचं घर होतं, तिथं नळ पोचलेला नव्हता, सगळ्यांना बोअरचं पाणी. तिच्या मागं उभी असलेली एक म्हणाली, "तुझा साबणच हलका असंल."

"हाच साबण हाय आमच्याकडं."

मला उत्तर माहीत होतं. बोअरचं पाणी जमिनीतल्या खडकांतून येतं, त्यात क्षार विरघळलेले असतात, ते साबणाला फेस होऊ देत नाहीत. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण मोठ्या मॅडमचा तो रेघांचा कागद आठवला आणि मी म्हणाले, "मग बघू या का, पाण्यामुळं होतं की साबणामुळं?"

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या घरचं पाणी आणायचं ठरलं. आमच्या शहरात पाण्याच्या तऱ्हांना तोटा नाही. एकाच वर्गात नळाचं पाणी आलं, तेही आठ दिवस पिंपात साठवलेलं. टँकरचं आलं, बोअरचं आलं, जारचं आलं. टेबलावर बाटल्यांची रांग लागली, प्रत्येकीवर पट्टी चिकटवलेली. एकाने पट्टीवर पाण्याऐवजी स्वतःचं नाव, पत्ता आणि हजेरी क्रमांक लिहिला होता.

पहिला प्रयोग साफ फसला. मी आत्याच्या घरून कपड्याची पावडर नेली होती. सगळ्या बाटल्यांत टाकली, पोरांनी हलवल्या, आणि सगळ्यांत सारखाच फेस. बोअरच्यातही भरपूर. पोरं माझ्याकडं बघायला लागली आणि मी मोठ्या मॅडमकडं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

तिसऱ्या बाकावरची ती मुलगीच म्हणाली, "मॅडम, मी साबणाचं बोलले होते. पावडरचं नाय."

बरोबर होतं तिचं. पावडर आणि साबण या वेगळ्या वस्तू आहेत, पावडरीला क्षारांच्या, म्हणजे जड पाण्याचं फारसं वाटत नाही. हेही मी शिकलेले होते. वर्गात उभं राहिल्यावर आठवलं नव्हतं, इतकंच.

मग दुसऱ्या दिवशी पोरांनी बाटल्या धुऊन पुन्हा घरचं पाणी आणलं. अंगाचा साबण किसला, पाण्यात विरघळवला. आता पोरांनीच नियम केले. पाणी सगळ्यात सारखं पाहिजे, म्हणून औषधाच्या झाकणाने मोजून एकाच मापाच्या बाटल्यांत घेतलं. साबणाचे थेंब सारखे पाहिजेत, म्हणून ड्रॉपरने दहा. हलवायचं किती, यावर भांडण झालं, शेवटी वीस वेळा ठरलं आणि सगळ्या बाटल्या एकानेच हलवायच्या, कारण प्रत्येकाचा जोर वेगळा. फेस पट्टीने मोजायचा. मी फळ्यावर रकाने आखले आणि आकडे लिहीत गेले.

काय सुंदर आकडे येत होते! नळाच्या पाण्याला तीन सेंटिमीटर, तीन, सव्वातीन. बोअरला अर्धा, पाव, अर्धा. टँकरचं मधेच कुठंतरी. मी मनात उद्याचा पाठही रचून टाकला. मग बोअरची चौथी बाटली आली आणि तिच्यातल्या पाण्याला अडीच सेंटिमीटर फेस आला.

बाटली त्या मुलीचीच होती. जिच्या घरी फेस येत नाही, तिच्याच पाण्याला बोअरमधला सगळ्यात जास्त फेस.

पोरं ओरडली, "मॅडम, हिचं चुकलं!"

मी तिची घरून आणलेली बाटली हातात घेतली. शाम्पूची जुनी बाटली असावी असा तिचा आकार होता. घंटा व्हायला पाच मिनिटं होती आणि फळ्यावरचा माझा नीटनेटका रकाना त्या एका आकड्याने बिघडला होता. मी म्हणाले, "बाटली नीट धुतली नसशील. शाम्पू राहिला असंल आत."

वर्ग हसला. ती म्हणाली, "धुतली होती मॅडम." एवढंच, हळू. मी तोवर फळ्यावरचा अडीच खोडून त्याच्यापुढं फुली मारली होती.

तास संपल्यावर मोठ्या मॅडमनी ड्रॉपर धुतले, पुसले, पिशवीत टाकले. मग विचारलं, "तो आकडा का खोडलास?"

"चुकीचा होता मॅडम."

"कशावरून?"

"बाकी तीन बोअरचे वेगळे आले. पुस्तकातही तसंच आहे."

"म्हणजे पुस्तकाशी जुळला नाही म्हणून." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळंच मला ते जास्त लागलं. "तिला विचारलंस का काही?"

मी विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं होतं.

संध्याकाळी आत्याबरोबर भाजी निवडायला बसले तरी माझं लक्ष नव्हतं. आत्याने कारण विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. आत्या कधी शाळेत शिकवायला गेली नाही, पण तीन मुलं वाढवलीत तिने. मेथीची जुडी झटकत ती म्हणाली, "अगं, लेकराला चारचौघांत खोटं पाडलंस तू. उद्या चारचौघांतच नीट कर."

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्याबरोबर मी तिच्या बाकाजवळ गेले. मी म्हणाले, "काल मी तुझा आकडा खोडला. तुला न विचारता खोडला, ते चुकलं माझं. आता सांग, पाणी कुठनं भरलंस?"

"बोअरचंच होतं मॅडम. आईची शप्पथ."

"मग बाटलीत भरायच्या आधी त्याचं काही केलं का?"

"काही नाय." ती थांबली. मी मोजत होते की नव्हते, आठवत नाही, पण बोलले मात्र नाही. "आईनं उकळून दिलं फक्त. मी म्हणाले शाळेत पाणी न्यायचंय, तिला वाटलं प्यायला."

माझ्या डोक्यात काय झालं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. कॉलेजात मी यावर पाच गुणांचं उत्तर लिहिलं होतं. पाण्याचा जडपणा दोन तऱ्हेचा, त्यांतला एक उकळल्यावर निघून जातो. व्याख्या, समीकरण, सगळं तोंडपाठ. पाचपैकी पाच गुण मिळाले होते. आणि तीच गोष्ट शाम्पूच्या बाटलीतून माझ्यासमोर आली तेव्हा मी तिच्यावर फुली मारली होती.

हे मी त्यांना सांगितलं नाही. "उकळल्यामुळं फरक पडला असेल का?" एवढं विचारलं. अर्धा वर्ग व्हय म्हणाला, अर्धा नाय म्हणाला. एकजण म्हणाला, शाम्पूच होता. ती मुलगी वळून त्याला म्हणाली, "मग बघू की उकळून. आता दुसऱ्याच्या बाटलीतलं घ्या."

प्रयोगशाळेतून वर्गात स्पिरिटचा दिवा आणला. दुसऱ्या एका मुलाच्या घरचं बोअरचं पाणी काचेच्या चंचुपात्रात ओतलं, तिवईवर ठेवलं. पंचवीसेक पोरं भोवती. पाणी उकळायला किती वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं. उकळलं, तशी मी साबणाचा ड्रॉपर उचलला, तर एक मुलगी म्हणाली, "थांबा मॅडम. आधी गार होऊ द्या. नाहीतर गरम होतं म्हणून फेस आला असं होईल."

मी ड्रॉपर खाली ठेवला. मोठ्या मॅडम माझ्याकडं बघत होत्या. मला शिकवलेल्या कुठल्याही पद्धतीत एवढं चांगलं वाक्य नव्हतं, आणि ते मी शिकवलेलंही नव्हतं.

घंटा झाली. पुढचा तास गणिताचा. गणिताचे सर दारात आले, वर्गाची अवस्था बघितली आणि विचारलं, "काय चाललंय?"

चार-पाच पोरं एकदम म्हणाली, "सर, पाणी गार व्हायची वाट बघतोय!"

सर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "होऊ द्या गार. मीपण बघतो."

चंचुपात्राच्या तळाशी पांढुरकी पूड बसायला लागली होती. पोरांनी ती भिंगातून बघितली. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीने बोटाने चाचपून बघितली आणि तिचा चेहराच बदलला. "हे तर आमच्या पातेल्याला असतं! आई चिंच लावून घासते, तरी निघत नाय!" मग अजून तिघाचौघांच्या घरची पातेली निघाली, कुणाचा पाणी तापवायचा हीटर निघाला, पांढरा पडलेला.

वरचं पाणी अलगद ओतून घेतलं. झाकणाने मोजलं, दहा थेंब, वीस वेळा हलवलं. पट्टी तिनेच धरली. न उकळलेल्याला अर्धा सेंटिमीटर आला होता, उकळलेल्याला दोनच्या वर गेला. वर्गात जो आवाज झाला तो क्रिकेटच्या मॅचला होतो तसा होता. गणिताच्या सरांनीही टाळ्या वाजवल्या.

मी फळ्यावर कालचा रकाना पुन्हा आखला. तिच्या बाटलीपुढं अडीच लिहिलं. ती म्हणाली, "मॅडम, बोअर नका लिहू नुसतं. उकळलेलं बोअर लिहा." मी तसं लिहिलं. त्यानंतर मी त्यांना सांगितलं की असल्या पाण्याला जड पाणी म्हणतात, पुस्तकात दुष्फेन असा शब्द आहे, ज्याला धड फेस येत नाही ते. तो शब्द ऐकून ती पोरं हसली आणि मग दिवसभर एकमेकांना दुष्फेन म्हणत फिरली.

परीक्षेच्या पाठाला बाहेरच्या कॉलेजातून एक परीक्षक आले. गंभीर गृहस्थ, हातात फाईल. मी मुद्दाम तोच विषय पुढं नेला, टँकरच्या पाण्याचा आकडा नळ आणि बोअरच्या मधेच का येतो हा पोरांचाच प्रश्न. पाठ सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला एक पोरगी बाटली घेऊन थेट त्यांच्याकडं गेली.

"सर, तुमच्याकडं कोणतं पाणी येतं?"

परीक्षकांनी फाईल मिटली. म्हणाले, "आमच्याकडंही टँकरच येतो बाळा."

"मग तो विहिरीवरून भरतात की बोअरवरून?"

"ते काही विचारलं नाही कधी."

"विचारून सांगाल का सर? आम्हाला पाहिजे."

पाठ संपल्यावर त्यांनी मला शेरा वाचून दाखवला. फलकलेखन कमी, वर्गात गोंगाट, वेळेचं नियोजन सुधारावं. गुण मात्र बरे दिले. जाताना त्यांनी दारात थांबून एका पोराला विचारलं, "साबण कोणताही चालतो का रे?" तो म्हणाला, "पावडर सोडून."

माझा शाळेतला शेवटचा आठवडा होता तेव्हा त्या मुलीची आई शाळेत आली. दुपारी एका घरचं काम उरकून दुसऱ्या घरी जाताना वाटेत थांबली होती. मला जरा धाकधूक वाटली. ती म्हणाली, "तुम्हीच का छोट्या मॅडम? आमच्या पोरीनं घरात लई ताप दिलाय बघा. रोज काहीतरी बाटलीत भरून हालवती. शेजारच्या सगळ्यांचं पाणी आणलं गोळा करून."

"रागावलात का तिला?"

"नाय हो. रागवायचं काय त्यात." तिने पदराने तोंड पुसलं. "मी ज्यांच्याकडं सैपाक करते, भांडी घासते, त्यांच्याकडंबी बोअरच हाय. त्या बाई म्हणायच्या, तुला भांडी घासता येत नाहीत, डाग राहतात. परवा पोरीनं मला सांगितलं, आई, ते डाग न्हाईत, पाण्यातला चुना हाय, तुझा काही दोष नाय. मी बाईंना तसंच सांगितलं." ती हसली. "बाई म्हणल्या, तुला कुणी सांगितलं? मी म्हणलं, आमच्या घरात हाय एक."

मी तिला चहा विचारला. ती नको म्हणाली, उशीर होत होता. फाटकापर्यंत सोडायला गेले, तर वाटेत तिने मुलीच्या अभ्यासाबद्दल दोन प्रश्न विचारले, नेहमीचेच, सगळ्या आया विचारतात तसले.

आता मी स्वतः शिक्षिका आहे. फर्दापूरच्या अलीकडं रस्त्यापासून आत एक गाव आहे, तिथल्या जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. गावातच एक खोली घेतली आहे, शनिवारी दुपारी एसटीने आत्याकडं येते. अजून कधी कधी मी फार बोलते. कधी कधी नीट आखलेला प्रयोग काहीच दाखवत नाही आणि आम्ही सगळे बसून राहतो. एखादा दिवस नुसता पुस्तक वाचण्यात जातो, तेही आता मला फार लागत नाही.

नेमणुकीचं पत्र आलं त्या आठवड्यात मी मोठ्या मॅडमना फोन केला होता. त्या तोवर निवृत्त झाल्या होत्या. बातमी ऐकून त्यांनी अभिनंदन केलं आणि विचारलं, "वर्ग बघून आलीस का?"

"हो मॅडम. कालच."

"खिडक्या किती आहेत?"

मी आठवून सांगितलं, "चार. दोन पूर्वेला."

"मग उजेड भरपूर येत असेल सकाळी," त्या म्हणाल्या. फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली. "छान आहे. चल, माझा भात झालाय," म्हणत त्यांनी फोन ठेवला.